शंभर काडतुसांचं ओझं

आमच्या गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’च म्हणतात. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, तरी मीही मेजर. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मैदानावर विचारतात, “मेजर, कुठली रायफल भारी?” मी पिशवीत दोन किलो चारशे ग्रॅम वाळू भरतो, ती विचारणाऱ्याच्या पाठीला बांधतो आणि डोंगरावरच्या देवळापर्यंत पळून यायला सांगतो. पोरगं धापा टाकत आलं की म्हणतो, “ही एसएलआरची, म्हणजे आमच्या जुन्या रायफलीची, शंभर काडतुसं झाली. हत्यार अजून हातात आलेलंच नाही.”

१९९२ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात मी एसएलआरवरच शिकलो. लांबी पावणेचार फूट, रिकामं वजन सव्वाचार किलोंच्या आसपास. पहिल्या फायरिंगला बट खांद्यात नीट दाबला नव्हता. संध्याकाळी खांदा जांभळा पडला. उस्तादांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या रांगेत झोपवलं. पण ती गोळी लांब जायची आणि जोरात लागायची. जोर हवा तर दारू जास्त लागते, दारू वाढली की काडतूस जड होतं, धक्का वाढतो आणि तो सोसायला हत्यारही वजनदार लागतं. एक गाठ सोडवायला जावं तर दुसरी आवळते.

त्या ओझ्यातून सुटका म्हणून इन्सास आली. ती पुण्याच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत घडली. ५.५६ मिलिमीटरचं तिचं काडतूस साधारण बारा ग्रॅमचं, म्हणजे एसएलआरच्या निम्मं. त्याच वजनात दुप्पट राउंड. धक्का कमी, त्यामुळे नव्या रिक्रूटचं ग्रुपिंगही लवकर जमायचं. दारूगोळा उधळू नये म्हणून एका दाबात तीनच राउंडचा बर्स्ट. मॅगझिन प्लास्टिकचं, आरपार दिसणारं, म्हणजे किती राउंड उरले ते कळावं. विचार फार चांगला होता. पण १९९९ला कारगिलच्या थंडीत ती मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. हलकेपणाची किंमत तिथं अशी मोजावी लागली.

काश्मीरच्या खोऱ्यात मात्र आमच्या हातात एके असायची. घराच्या अरुंद जिन्यात वळताना तीन फुटांच्या आतली रायफल म्हणजे काय, हे वळल्याशिवाय कळत नाही. तिचे आतले भाग सैलसर बसवलेले असतात; धूळ शिरली तरी अडत नाही. पण त्या सैलपणामुळे नेम तेवढा बारीक बसत नाही आणि तीनशे मीटरपुढे गोळी झपाट्यानं खाली येते. तिथं इन्सासवर आमचा एकच आक्षेप होता : हलक्या गोळीनं जखमी झालेला अतिरेकी पडत नाही, उलट गोळीबार करतो. शत्रूचा एक जवान जखमी झाला की त्याला उचलायला दोघे गुंततात, हा हिशेब उघड्या युद्धातला. जिन्यात तो चालत नाही.

एकाच रायफलला बदलून लावायच्या दोन नळ्या, ५.५६ची आणि एकेच्या काडतुसाची, असाही घाट सेनेनं घातला होता. ती निविदा २०१५ साली रद्द झाली. मग २०१९ला ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला. लांब पल्ल्याची, पुन्हा एसएलआरच्याच काडतुसाची. २०२१च्या डिसेंबरात सहा लाखांहून जास्त एके-२०३चा करार झाला; त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात. समोर उघडा डोंगरउतार असलेल्या पोस्टवर पल्ला हवा, गल्लीत आटोपशीरपणा हवा. मला हे पटतं. एकच रायफल सगळीकडे पुरेल हा हट्ट आपण फार वर्षं धरला. अमेरिकेनंही ६.८ मिलिमीटरची जोरकस रायफल घेतली, तर जवानाकडचे राउंड २१०वरून १४०वर आले.

काळजी वाटते ती रसदीची. सिग आणि एके, दोन्ही ‘७.६२’च. पण एकीच्या काडतुसाची केस ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ३९. एकीचं काडतूस दुसरीत बसत नाही. आमच्या पोस्टवर एकेही होती आणि एसएलआरच्याच काडतुसाची एमएमजी, म्हणजे मशीनगनही; त्यामुळे हे दोन्ही आकडे एकाच कोतात, म्हणजे शस्त्रागारात. खेचरावरून पेट्या उतरल्या की मी पेटीवरचा पहिला आकडा वाचून थांबायचो नाही. टॉर्च हातानं झाकून, बोट ठेवून दुसरा वाचायचो आणि मगच सही करायचो.