शब्दाचा आडपडदा : १९७०-८० या दशकातील दोन शृंगारिक विनोदी चित्रपट-परंपरा

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात इंग्लंड व महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी अल्प खर्चाच्या शृंगारिक विनोदी चित्रपटांची एक लाट आली. टीकाकारांनी दोहोंची ‘ग्राम्य’ म्हणून संभावना केली आणि प्रेक्षकांनी दोहोंना उदंड आश्रय दिला. हे साम्य वरवरचे नाही. पण या दोन परंपरांची विनोद निर्माण करण्याची रीत मात्र मुळातच भिन्न आहे. हा भेद स्पष्ट झाल्यावाचून ‘अश्लील’ या एका शब्दाने दोहोंचा निकाल लावणे शास्त्रीय ठरणार नाही.

प्रथम इंग्लंडची परिस्थिती पाहू. १९४६ साली तेथील चित्रपटगृहांत १६३ कोटींहून अधिक तिकिटे खपली होती. १९७० साली ही संख्या सुमारे १९ कोटींवर आली. दूरचित्रवाणीने कुटुंबवत्सल प्रेक्षक घरीच थांबविला होता. याच सुमारास अमेरिकन कंपन्यांनी ब्रिटिश चित्रपटांतील भांडवल आखडते घेतले. ‘एक्स’ प्रमाणपत्राच्या चित्रपटांसाठी वयाची अट १९५१ पासून १६ वर्षांची होती. ती १९७० मध्ये १८ करण्यात आली व प्रौढांपुढे काय दाखविता येईल याची मर्यादा सैल झाली. घरातील पडद्यावर जे दिसणे शक्य नाही ते चित्रपटगृहात दाखवावयाचे, हाच मग अल्प भांडवलाच्या निर्मात्याला किफायतशीर मार्ग वाटला. तिकिटांवरील ‘ईडी’ अधिभारातून ब्रिटिश चित्रपटांना त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटा मिळत असे. हा अधिभार गुणवत्ता पाहत नव्हता. त्यामुळे स्वस्तात काढलेला व चाललेला चित्रपट दुहेरी लाभाचा ठरे.

व्हॅल गेस्ट यांचा ‘कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर’ (१९७४) हा या वर्गाचा प्रातिनिधिक नमुना होय. त्याचा नायक, खिडक्या पुसणारा एक भोळा, धांदरट तरुण, स्वतः पुढाकार घेत नाही. प्रसंगच त्याच्यावर येऊन आदळतात. पुढील भागांत हाच नायक गायकवादकांच्या ताफ्यात, मोटार शिकविण्याच्या धंद्यात आणि सुट्टीच्या छावणीत वावरतो. श्रमिक वर्गातील साधा माणूस आणि त्याच्या धंद्यामुळे उघडणारी परक्या घरांची दारे, हा या चित्रपटांचा ठराविक साचा आहे.

याच्या आधीची इंग्रजी परंपरा मात्र शब्दाची होती. संगीतगृहांतील नकलाकार, समुद्रकाठच्या गावी विकली जाणारी डोनल्ड मॅकगिल यांची विनोदी चित्रपत्रे आणि १९५८ पासूनची ‘कॅरी ऑन’ चित्रमाला, या सर्वांचा आधार द्व्यर्थी उक्ती हा होता. मॅकगिल यांना १९५४ साली न्यायालयात दंड झाला, यावरून त्या काळी शब्दालाही किती जपावे लागे हे दिसते. पुढे दृश्याला मोकळीक मिळाली तेव्हा या शब्दनिष्ठ विनोदाचा पायाच खचला. १९७८ साली ‘कॅरी ऑन’ मालेने नव्या रीतीचे अनुकरण करून पाहिले. तो चित्रपट पडला आणि माला खंडित झाली. जे समोर दिसते ते सूचित करण्याचे प्रयोजन उरत नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होय.

महाराष्ट्रात याच वर्षांत दादा कोंडके (१९३२-१९९८) यांचे चित्रपट गाजत होते. गिरणगावच्या कामगार वस्तीत वाढलेले कोंडके वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून पुढे आले. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटातून त्यांनी पडद्यावर पदार्पण केले आणि ‘सोंगाड्या’ (१९७१) हा चित्रपट स्वतः निर्माण केला. ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशी यशाची मालिका पुढे चालू राहिली. येथेही नायक भोळा, श्रमजीवी व आईच्या धाकातला आहे. येथेही राज्याच्या धोरणाचा हातभार आहे: १९७५ च्या सुमारास सुरू झालेल्या करमणूक-कर परताव्याच्या योजनेने मराठी निर्मात्याला पुढील चित्रपटासाठी भांडवल मिळू लागले.

परंतु कोंडके यांना दृश्याची मोकळीक नव्हती, आणि त्यांच्या रीतीचे रहस्य नेमके येथे आहे. ‘आली अंगावर’ (१९८२) हे नाव घ्यावे. ‘आली अंगावर तर घेतली शिंगावर’ या रूढ म्हणीचा तो पूर्वार्ध आहे. उत्तरार्ध कापून टाकल्याने वाक्य उघडे राहते आणि ते पुरे करण्याचे काम श्रोत्यावर पडते. ‘मुका घ्या मुका’ (१९८६) या नावात ‘मुका’ शब्दाचे चुंबन व वाचा नसलेला असे दोन अर्थ आहेत. दोन्ही ठिकाणी वाच्यार्थ निर्दोष आहे; दोष असलाच तर तो ऐकणाऱ्याच्या मनात आहे. परिनिरीक्षकाने कात्री लावावयाची ती कोठे, हा प्रश्न म्हणूनच अवघड होतो.

ही युक्ती कोंडके यांची स्वतःची नव्हे. तमाशातील गौळणीत गवळणींची वाट अडविणारा पेंद्या व त्यांची बाजू घेणारी मावशी, बतावणीतील सोंगाड्या, तसेच ज्यांचे उत्तर साळसूद पण प्रश्न सलज्ज करणारा अशी लोककोडी, या सर्वांत हीच पद्धती आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत येथे श्लेष व व्यंजना यांचा संयोग होतो. भरताने हास्याचा उगम शृंगारात मानला आणि मम्मटाने अश्लीलतेला काव्यदोषांत गणले. या दोन मतांच्या मधल्या अरुंद वाटेवर सोंगाड्या उभा असतो.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरते. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली रंगभूमीवर आले आणि परिनिरीक्षण मंडळाने त्यावर बंदी घातली. कमलाकर सारंग यांना न्यायालयात दाद मागावी लागली. जे नाटक स्त्रीपुरुषसंबंधांविषयी उघडपणे व गांभीर्याने बोलत होते ते अडविले गेले, आणि जो विनोद काहीच न बोलल्याचे सोंग आणतो तो गावोगाव पोहोचला. शासनाचा आक्षेप कामविषयाला नसून तो स्पष्ट उच्चारण्याला होता, असे यावरून म्हणावे लागते.

तथापि या रीतीचे समर्थन अमर्याद होऊ शकत नाही. गौळणीत मावशी व गवळणी पेंद्याला सवाई उत्तर देतात. सवालजबाबात स्त्री तोडीस तोड असते. चित्रपटात हास्याची किल्ली बहुधा नायकाच्याच हाती राहते आणि नायिका त्या उक्तीचे निमित्त होते. इंग्रजी चित्रपटांत स्त्री दृश्याचा विषय झाली, मराठीत शब्दाचा. मूळ लोकरूपातील तिचा प्रत्युत्तराचा अधिकार मात्र बव्हंशी लोपला.

नवव्या दशकात दोन्ही लाटा ओसरल्या. इंग्लंडमध्ये व्हिडिओने खाजगी पडदा उपलब्ध करून दिला आणि १९८५ साली ईडी अधिभार बंद झाला. मुंबईत १९८२ च्या गिरणी संपाने कोंडके यांच्या हक्काच्या प्रेक्षकवर्गाचा कणा मोडला. १९८४-८५ नंतर सचिन व महेश कोठारे यांच्या नागर विनोदाकडे मराठी प्रेक्षक वळला.

अभ्यासकापुढील अडचण यापुढची आहे. द्व्यर्थी विनोद संहितेत सापडत नाही. कागदावर उरतो तो केवळ निरागस वाच्यार्थ. दुसरा अर्थ उच्चारातील थांब्यात, नजरेत, बोलीच्या हेलात आणि हसणाऱ्या समुदायाच्या सामायिक जाणिवेत असतो. ती बोली व तो समुदाय ज्यांनी अनुभवला त्यांच्याकडून हा अर्थ वेळीच नोंदवून घेतला नाही, तर पुढील पिढीच्या हाती चित्रफिती राहतील, पण त्यांतील हसू कोठे होते हे सांगणारा कोणी राहणार नाही.