इंग्रजीचे जुने व्याकरणग्रंथ : नियमांचा उगम आणि अध्यापन

प्रास्ताविक

महाविद्यालयीन स्तरावर इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना व्याकरणाच्या नियमाचा आधार घेऊन काही वाक्ये अशुद्ध ठरविली जातात. हा नियम भाषेच्या अंगचाच आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः इंग्रजीचे अनेक नियम विशिष्ट काळी, विशिष्ट ग्रंथकारांनी, विशिष्ट हेतूने लिहून ठेवलेले आहेत. त्यांचा उगम ठाऊक नसेल तर खरी चूक आणि केवळ मतभेदाचा विषय यांत फरक करणे अवघड जाते. याच दृष्टीने प्रस्तुत लेखात इंग्रजीच्या काही प्रमुख जुन्या व्याकरणग्रंथांचा विचार केला आहे.

लॅटिनचा साचा

सोळाव्या शतकात इंग्लंडमधील शाळांत व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण असेच समीकरण होते. विल्यम लिली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन व्याकरणाला आठव्या हेन्रीच्या काळात राजमान्यता मिळाली. विल्यम बुलोकर यांनी १५८६ मध्ये इंग्रजीचे पहिले मुद्रित व्याकरण प्रसिद्ध केले. इंग्रजीही नियमबद्ध भाषा आहे, हे त्यांना दाखवायचे होते. परंतु त्यासाठी आराखडा मात्र लिलींचाच घेतला. लॅटिनमध्ये नामाची रूपे विभक्तीनुसार बदलतात, तर इंग्रजीत तेच कार्य मुख्यतः शब्दक्रम आणि शब्दयोगी अव्यये करतात. तरीही इंग्रजी नामांना लॅटिनच्या विभक्ती लावण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली.

या प्रथेला ठाम विरोध केला तो गणितज्ञ जॉन वॉलिस यांनी. इंग्रजीची घडण निराळी असल्याने तिला लॅटिनच्या साच्यात कोंबू नये, असे त्यांनी १६५३ च्या आपल्या व्याकरणात प्रतिपादन केले. परकीय वाचकांसाठी असलेला हा ग्रंथ मात्र लॅटिनमध्येच लिहिलेला होता. प्रथम पुरुषी ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’ केवळ भविष्य सांगतात, हा भेदही वॉलिस यांनी ठळकपणे मांडला. भारतातील अनेक पिढ्या तो शाळेत शिकल्या.

अठराव्या शतकातील दोन दृष्टी

जोसेफ प्रिस्टली यांचे व्याकरण १७६१ मध्ये आणि रॉबर्ट लाउथ यांचे १७६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रसायनशास्त्रात कीर्ती मिळविलेल्या प्रिस्टली यांनी प्रचलित व्यवहार हाच भाषेचा अंतिम निकष मानला. लाउथ यांनी नियम सांगून त्याखालील तळटीपांत शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट अशा मान्यवरांच्या चुका दाखविल्या. शुद्ध भाषा ही सामाजिक प्रतिष्ठेची खूण ठरत चालली होती. त्यामुळे लाउथ यांची पद्धत लोकप्रिय झाली.

लाउथ यांच्या नावावर मात्र त्यांनी न सांगितलेलेही बरेच जमा झाले आहे. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, हा आक्षेप १६७२ मध्येच ड्रायडन यांनी बेन जॉन्सन यांच्या लेखनावर घेतला होता. लाउथ यांनी ही रचना संभाषणास साजेशी मानली आणि गंभीर लेखनात ती टाळणे अधिक चांगले, एवढेच म्हटले. शिवाय ते सांगणाऱ्या वाक्यात स्वतःच ती रचना वापरली. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा नियम तर त्यांच्या ग्रंथात नाहीच. तो एकोणिसाव्या शतकात रूढ झाला.

लिंडली मरे यांचे १७९५ चे व्याकरण यॉर्कमधील मुलींच्या शाळेसाठी लिहिलेले होते. लाउथ आदी पूर्वसूरींच्या मतांचे हे संकलन असंख्य आवृत्त्यांतून सर्वदूर पोहोचले. सौम्य सल्ल्यांना शालेय पुस्तकांतून कायद्याचे रूप येत गेले, ते अशा प्रसारातून.

मराठीशी साम्य

मराठी अभ्यासकांना हा इतिहास परका वाटू नये. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे १८३६ चे मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचलेले होते, तर मराठीतील विभक्तींची मांडणी संस्कृतच्या आधारे झाली. एका भाषेचा साचा दुसरीला लावल्याने काय सुकर होते आणि काय झाकले जाते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

निष्कर्ष

विसाव्या शतकात ऑटो येस्पर्सन आणि पुढे रँडॉल्फ क्वर्क व त्यांचे सहकारी यांनी प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवर व्याकरण उभे केले. त्यामुळे नियम निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांची प्रतवारी मात्र करावी लागते. कर्त्याच्या वचनाशी क्रियापद न जुळणे ही प्रमाण इंग्रजीतील निश्चित चूक होय. दुहेरी नकार चॉसर व शेक्सपिअर यांच्या भाषेत आढळतो आणि आजही बोलींत जिवंत आहे. तो तर्कदुष्ट नसून प्रमाण लेखनाबाहेरचा आहे. वाक्यान्ती येणारे अव्यय हा शैलीचा प्रश्न आहे. या तिन्हींसाठी सारखेच गुण कापणे विद्यार्थ्यावर अन्यायकारक ठरते. म्हणून नियमाबरोबर त्याचा उगम आणि अधिकारक्षेत्रही वर्गात सांगितले जाणे आवश्यक आहे.