कोडिंग एजंटच्या हाती किती फायली?

गैरसमज: एजंट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सुरू केला, म्हणजे तो बाहेर जाणार नाही.

वस्तुस्थिती: क्लॉड कोड, कोडेक्ससारखा एजंट टर्मिनलमधून चालवला की तो तुमच्याच युजरच्या नावाने चालतो. सँडबॉक्स चालू नसेल, तर जी फाइल तुम्हाला उघडते ती त्याच्या कमांडलाही उघडते. होम फोल्डरमधल्या एसएसएचच्या कीसुद्धा.

गैरसमज: सूचनांच्या फाइलमध्ये 'डॉट-ईएनव्ही वाचू नकोस' असं लिहिलं की झालं.

वस्तुस्थिती: ही झाली विनंती. मॉडेल ती बहुतेकदा ऐकतं, पण 'बहुतेकदा'वर पासवर्ड सोडायचे नसतात. सेटिंगमधली बंदी त्याहून बरी, तरी पुरेशी नाही. फाइल वाचायच्या टूलला अडवलं आणि शेल मोकळं ठेवलं, तर दोन ओळींचा पायथन प्रोग्राम तीच फाइल वाचून देतो. एजंट लबाड असतो असं नव्हे. टेस्ट फेल होते, कारण शोधताना तो कॉन्फिगरेशन छापून बघतो आणि डेटाबेसचा पासवर्ड संभाषणात येतो. मॉडेल क्लाउडवरचं असेल, तर तो पासवर्ड मॉडेलच्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचलादेखील. 'नुसतं वाचतोय, बिघडलं कुठे?' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. खरी अडवणूक ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच व्हायला हवी: मॅकवर सीटबेल्ट, लिनक्सवर बबलरॅप किंवा लँडलॉक. काही एजंटांत ही सोय आधीच असते. ती चालू आहे का, हे मात्र आपण बघायचं.

गैरसमज: गिट आहे, उडालेलं परत आणू.

वस्तुस्थिती: कमिट केलेलं परत येईल. गिट-इग्नोरमधल्या आणि कधीच ॲड न केलेल्या फायली गिटच्या खात्यात नसतातच. समजा, एजंट अशा फायली एकेक करून 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये हलवतोय; त्याला वाटतं फोल्डर तयार झालाय, पण तो झालेला नसतो. मग 'एमव्ही' पहिल्या फाइलचं नावच 'जुने' करते, दुसरी फाइल तिच्यावर लिहिली जाते, तिसरी दुसरीवर. शेवटी एकच उरते, आणि एररचा पत्ता नसतो.

गैरसमज: डॉकरमध्ये चालवलं की निर्धास्त.

वस्तुस्थिती: आत अख्खा होम फोल्डर जोडला असेल, तर डॉकर शोभेपुरतं.

गैरसमज: प्रोजेक्टपुरतीच लिहायची परवानगी दिली, तर धोका नाही.

वस्तुस्थिती: मेकफाइल, बिल्ड स्क्रिप्ट, गिटचे हुक प्रोजेक्टमध्येच असतात. एजंट ते सँडबॉक्समध्ये बसून बदलतो; चालवता तुम्ही, सँडबॉक्सबाहेर. मेकफाइलमधला बदल निदान डिफमध्ये दिसतो. गिटच्या हुक फोल्डरमधला दिसत नाही, म्हणून तो फोल्डर एजंटला फक्त वाचता येईल असाच ठेवा.