चोवीस जूनपर्यंतची भाजी

युरोपात वसंत ऋतूत जमिनीतून वर येणारे ॲस्परॅगसचे कोंब आज मुख्यतः चवीसाठी खाल्ले जात असले, तरी या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातील ‘ऑफिसिनॅलिस’ हा शब्द तिला एके काळी औषधांच्या कोठारात स्थान होते हे सांगतो. महाराष्ट्रात बाळंतिणीला ज्या शतावरीचा कल्प दुधातून देतात, ती याच प्रजातीतली असली तरी जात वेगळी. शतावरीच्या मुळ्या औषधात जातात, ॲस्परॅगसचे कोंब ताटात येतात, आणि म्हणूनच एकीचे गुण दुसरीच्या नावावर खपवणे योग्य नाही.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने शेतीवरील ग्रंथात ॲस्परॅगसच्या लागवडीची रीत सविस्तर दिली आहे. कोंब शिजायला इतका थोडा वेळ लागे, की सम्राट ऑगस्टस कामाचा झपाटा सांगताना त्याचीच उपमा देत असे.

जर्मनीत पांढऱ्या कोंबांना विशेष मान आहे. ते वेगळ्या वाणाचे असतातच असे नाही. वाफ्यावर मातीचा उंच वरंबा चढवून कोंबाला ऊन लागू दिले नाही, की त्यात हरितद्रव्य तयार होत नाही, एवढेच त्या रंगाचे रहस्य. काढणी परंपरेने २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाला थांबते. त्यानंतर कोंब वाढू दिले जातात, त्यांना सुतासारखी नाजूक हिरवी पालवी फुटते आणि तिने तयार केलेले अन्न पुढील वर्षासाठी मुळांत साठते. हा नियम मोडणारा शेतकरी पुढच्या हंगामाचे भांडवलच खातो.

पोषणाच्या दृष्टीने या भाजीत सुमारे ९३ टक्के पाणी व १०० ग्रॅममागे जेमतेम २० कॅलरी असतात. पेशींच्या वाढीसाठी आणि गर्भाच्या मज्जारज्जूच्या घडणीसाठी आवश्यक असलेले फोलेट हे ब-गटातील जीवनसत्त्व तीत भरपूर असते. रक्त गोठण्यास मदत करणारे के जीवनसत्त्वही तीत असल्याने वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी आहारातील तिचे प्रमाण एकाएकी बदलू नये. खाल्ल्यानंतर लघवीला येणारा उग्र वास गंधकयुक्त द्रव्यांचा असून निरुपद्रवी असतो, आणि काहींना तो जाणवतही नाही.

कापल्यापासून कोंबातील साखर घटत जाते, म्हणून जाणकार ग्राहक जुडीतले दोन कोंब एकमेकांवर घासून पाहतो: ताजे असतील तर ते करकरतात.