मुलांना कोणी विचारले का?

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकले आहे आणि मोठेपणी, नकळत का होईना, मुलांना ऐकवलेही आहे. आम्ही शिक्षक त्याला अपवाद नाही. म्हणूनच हा लेख लिहिताना सुरुवात आमच्यापासूनच केलेली बरी.

गेल्या वर्षीच्या पालकसभेत मराठीच्या तासांवरून झालेली चर्चा उपस्थितांना आठवत असेल. मुले मराठीचा कंटाळा करतात, घरीसुद्धा हिंदीतच बोलतात, तेव्हा आठवड्याचे तास वाढवावेत की कमी करावेत, असा प्रश्न होता. विश्वस्त बोलले, शिक्षक बोलले, पालक तर हिरिरीने बोलले. सभा संपून सतरंज्या गुंडाळताना आमच्यातील एका बाईंनी सहज विचारले, "पण मुलांना कोणी विचारले का?" कोणीच विचारले नव्हते. आम्हीही नाही.

मग सहावी ते आठवीच्या वर्गांत एक जुने खोके ठेवले. नाव लिहायचे नाही, भाषा कोणतीही चालेल, शुद्धलेखन तपासले जाणार नाही. प्रश्न एवढाच, की मराठीच्या तासाबद्दल तुला काय वाटते? चिठ्ठ्या वाचायला बसलो आणि आमचे बरेच अंदाज चुकले. "मराठी कठीण आहे" असे लिहिणारे फारच थोडे निघाले. पुष्कळांची तक्रार अशी, की तास शेवटचा असतो. तोवर फाटकाबाहेर रिक्षावाले काका भोंगा वाजवू लागतात, आणि मन केव्हाच घरी पोहोचलेले असते. दुसरी गोष्ट अधिक मनाला लागणारी होती. सुट्टीत जळगावला, पुण्याला मामाकडे गेले, की तिथली भावंडे आपल्या बुऱ्हाणपुरी मराठीला हसतात. "काय करून राहिला" असे म्हटले, की दिवसभर तीच नक्कल चालते. घरी आजीही टोकते. त्यापेक्षा हिंदी बरी, हिंदीत कोणी हसत नाही!

तास वाढवावेत की कमी करावेत, हा आमचा प्रश्न होता. मुलांचा तो नव्हताच.

या विषयावर बोलू लागले की पालकांच्या मनात एक शंका हमखास येते. "आता काय मुलांचेच ऐकायचे? डोक्यावर बसतील." ही शंका आपल्या भाषेतूनच येते, असे आम्हांला वाटते. मराठीत 'ऐकणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कानांनी ऐकणे, आणि दुसरा सांगितलेले मानणे. "आमचा बंड्या मुळीच ऐकत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आईला बंड्याच्या कानांची काळजी नसते! त्यामुळे 'मुलांचे ऐका' असे कोणी म्हटले, की आपल्याला 'मुलांचे माना' असे ऐकू येते. प्रत्यक्षात मागणी पहिल्या अर्थाची आहे.

कायदा हा फरक फार नेमकेपणाने करतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला. भारताने त्याला ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. या कराराचे १२ वे कलम सांगते, की ज्या मुलाला स्वतःचे मत बनवता येते, त्याला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे, आणि त्या मताला मुलाच्या वयाप्रमाणे व समजेप्रमाणे योग्य ते महत्त्व दिले पाहिजे. म्हणजे निर्णय मुलाने घ्यावा असे नव्हे. त्याचे मत निर्णय घेणाऱ्यांसमोर आले पाहिजे, आणि त्याचा विचार झाला पाहिजे.

हे काही परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असेही कोणी समजू नये. आपल्याकडच्या १८९० सालच्या पालक व पाल्य कायद्यातही अशी तरतूद आहे. मूल विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर पालक नेमताना न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मुलाला भीती व ताणापासून मुक्त ठेवणे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडायला मदत करणे ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या तत्त्वांत घातली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर मुलाचे म्हणणे ऐकून घेणे हे मूलभूत तत्त्वांपैकी एक मानले.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या परंपरेत याची ओळख आहेच. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरला आपल्यातील अनेक घरे नेमाने दर्शनाला जातात. ताटीच्या अभंगांमागची कथा सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या बोलण्याने व्यथित झालेल्या ज्ञानेश्वरांनी झोपडीचे दार लावून घेतले. ते उघडायला लावणारी मुक्ताबाई भावंडांत सर्वांत धाकटी होती. तिचे बोलणे ज्ञानेश्वरांना लहान तोंडी मोठा घास वाटले नाही.

दुसऱ्या मुक्ताची गोष्ट मात्र आपल्या मुलांना क्वचितच माहीत असते. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातील मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती साधारण चौदा वर्षांची असल्याचे सांगतात. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीही मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने त्यात विचारला. आपल्या समाजातील बायकांना उघड्यावर, ऊनपावसात बाळंत व्हावे लागते, हेही लिहिले. हे दुःख मोठ्यांना दिसत नव्हते असे नाही. परंतु ते भोगणाऱ्या घरातल्या एका मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिले, आणि ते छापणारे कोणी भेटले, म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनीही आपण ते वाचू शकतो. शाळेने तिला लिहायला शिकवले. संपादकांनी ते वाचकांपर्यंत पोहोचवले. यातले काही एक नसते, तर निबंध वहीतच राहिला असता.

आपल्याच काळातले उदाहरण साताऱ्याचे. तिथे मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून कित्येकींची नावे 'नकुशी' किंवा 'नकोशी' ठेवली होती. जन्मभर हाक मारली जाणारच अशा गोष्टीत त्या मुलींचे मत कोणी, कधी विचारणार? २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा प्रशासनाने समारंभ करून अशा २८५ मुलींची नावे बदलली. त्यांतील काहींनी आपले नवे नाव स्वतः निवडले. कोणी सिनेमातल्या नटीचे घेतले म्हणून मोठी माणसे हसलीही असतील. हसू द्या. हजेरीला "नकुशी" म्हटल्यावर उभे राहणे काय असते, हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

ऐकावे कसे, याचा एक उत्तम धडा आम्हांला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात मुलाचा जबाब कसा घ्यावा ते सांगितले आहे. मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, पोलिसाने गणवेश न घालता, मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या समक्ष आणि मूल बोलेल त्याच शब्दांत. शेवटच्या अटीपाशी आम्ही थबकलो. साध्या, रोजच्या बोलण्यातही आपण मुलाचे वाक्य मध्येच तोडून "म्हणजे तुला असे म्हणायचे आहे ना?" असे किती वेळा विचारतो!

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील प्राध्यापिका लॉरा लंडी यांनी २००७ साली या १२ व्या कलमावर एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की मुलांना नुसते बोलायला लावून भागत नाही. बोलायला निर्भय जागा हवी, म्हणणे मांडायला मदत हवी, ऐकणारा माणूस निर्णय घेणाऱ्यांपैकी हवा, आणि त्याचा काही परिणाम व्हायला हवा. आमचे खोके पहिल्या दोन कसोट्यांना उतरले, असे म्हणता येईल. पुढच्या दोन अवघड होत्या, कारण चिठ्ठ्या वाचणारे आम्ही. वेळापत्रक ठरते मुख्याध्यापकांच्या टेबलावर आणि खर्च विश्वस्तांच्या बैठकीत.

म्हणून चिठ्ठ्यांचा सारांश दोन्हीकडे दिला. मराठीचा तास दिवाळीनंतर मधल्या सुट्टीच्या आधी आला. "करून राहिला" यावर वर्गात एक आठवडा चर्चा झाली. ही आपल्या भागातली बोलीची लकब आहे, ती चूक म्हणून खोडण्याची गोष्ट नाही. पुस्तकी मराठी तिच्या जोडीने शिकायची, असे ठरले. विषयाशी संबंध नसलेली एक चिठ्ठीही त्यात होती: मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी पावसाळ्यापासून तुटलेली आहे. ती दुसऱ्या दिवशी बसली. इतके महिने आम्हा कोणाच्या लक्षात कसे आले नाही, याची लाज वाटली.

एका मागणीला मात्र आम्ही नाही म्हटले. मराठीची लेखी परीक्षाच नको, असे बऱ्याच जणांनी लिहिले होते. ते का शक्य नाही, हे प्रत्येक वर्गात जाऊन सांगितले. काही चेहरे उतरले. पण "मग तोंडी परीक्षेचे गुण तरी वाढवा" असा प्रस्ताव सातवीतून तिथल्या तिथेच आला. तो सध्या मुख्याध्यापकांच्या विचाराधीन आहे.

पेटी आता कायम राहील. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती दोन शिक्षक व दोन विद्यार्थी मिळून उघडतील आणि उत्तरे फलकावर लागतील, नकाराचीसुद्धा, कारणासह. पालकांनी कृपया घरी "तू काय लिहिलेस?" असे खोदून विचारू नये.

मागच्या शनिवारी निघालेली एक चिठ्ठी आम्ही विश्वस्त मंडळाकडे जशीच्या तशी पाठवली आहे. त्यात एकच ओळ आहे: "तुमच्या मीटिंगमध्ये आमच्यातले कोण बसते?" उत्तर आले, की फलकावर लावू.