प्रकाशाची काकवी

उन्हात ठेवलेले पाणी तापते. मग प्रकाशाचाच मारा करून एखादी वस्तू गार करता येईल का? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले हसतात. पण हे घडले आहे.

वायूचे तापमान म्हणजे त्यातील अणूंच्या धावपळीचे माप. नेहमीच्या तापमानाला सोडियमच्या वाफेतील अणू सेकंदाला सुमारे ५७० मीटर वेगाने धावतो. त्याला गार करायचे म्हणजे ही धाव रोखायची. विद्युत्भारित कण विद्युत्क्षेत्राने अडवता येतात; या अणूवर भारच नाही. उरतो तो प्रकाशाचा धक्का.

हा धक्का अगदीच हलका. एका प्रकाशकणाने अणूचा वेग सेकंदाला अवघा ३ सेंटिमीटरने घटतो. म्हणजे अणू थांबवायला सुमारे वीस हजार धक्के हवेत! पण शोषलेला कण सोडियम अणू सुमारे १६ अब्जांश सेकंदात बाहेर टाकतो आणि पुढच्यासाठी मोकळा होतो. बाहेर पडणारे कण वाटेल त्या दिशेने जातात, त्यामुळे त्यांचे धक्के सरासरीने फिटतात. समोरून येणाऱ्यांचे मात्र साठत जातात.

पण पाठीमागून येणारा किरण अणूला पुढेच ढकलील, त्याचे काय? इथे डॉप्लर मदतीला येतो. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या स्वराची वाटते ना? लेसरचा पिवळा रंग अणू शोषतो त्यापेक्षा किंचित तांबडा ठेवायचा. समोरच्या किरणाची कंप्रता धावत्या अणूला वाढलेली भासते, म्हणून तो तोच किरण अधिक शोषतो. सहा बाजूंनी असे किरण सोडले, की अणू कुठेही वळो, त्याला विरोधच होतो. १९८५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू व सहकाऱ्यांनी सोडियमचे अणू असे निरपेक्ष शून्याच्या वर केवळ २४० दशलक्षांश केल्विनपर्यंत गार केले. या प्रकाशाला त्यांनी नाव दिले काकवीचे! चिकट काकवीत मुंगी रुतावी, तसा अणू.

उष्णता गेली कुठे, असे हुशार विद्यार्थी विचारील. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा शोषलेल्यापेक्षा सरासरीने किंचित जास्त असते. ती अणूच्या गतीतून येते.

काकवीतून अणू हळूहळू निसटत. १९८७ साली उलटसुलट प्रवाहाच्या दोन चुंबकीय वेटोळ्यांची जोड देऊन खरा सापळा साधला.

खरी गंमत पुढेच आहे. बाहेर पडणाऱ्या कणांचे वेडेवाकडे धक्के अणूला थोडे हलवत राहणारच. म्हणून सोडियम २४० च्या खाली जाणार नाही, असे गणित सांगत होते. १९८८ साली विल्यम फिलिप्स यांच्या गटाला मोजणीत सुमारे ४० आढळले! प्रयोग अपेक्षेहून चांगला निघणे विरळाच, त्यामुळे त्यांनी निरनिराळ्या पद्धतींनी मोजून पाहिले. आकडा खोटा नव्हता. चूक सिद्धांताच्या गृहीतात होती: अणूला एकच तळपातळी मानली होती, सोडियमला तशा अनेक आहेत. पॅरिसमध्ये क्लोद कोहेन-तानूजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की एकमेकांवर पडलेल्या किरणांमुळे अणूपुढे ऊर्जेचे चढउतार तयार होतात. अणू चढ चढतो, माथ्यावर प्रकाश त्याला दुसऱ्या पातळीच्या पायथ्याशी आणून सोडतो, की पुन्हा चढ. उताराची मजा त्याच्या वाट्याला क्वचितच येते, आणि प्रत्येक चढावर थोडी गती खर्च होते. १९९७ चे भौतिकीचे नोबेल चू, कोहेन-तानूजी आणि फिलिप्स यांना विभागून मिळाले.