नेट बंद, गर्दी चालू

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या!

सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या हॉस्टेलचं नेट गेलं. दहा मिनिटांत सगळा मजला कॉरिडॉरमध्ये! एरवी एकमेकींचं नावही माहीत नसलेल्या मुली विचारत होत्या, "तुझं चालू आहे का गं?" मला एकदम इजिप्त आठवला. हसू नका, सांगते.

जून २०१० मध्ये अलेक्झांड्रिया शहरात खालेद सईद हा २८ वर्षांचा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मेला. त्याच्या चेहऱ्याचा फोटो नेटवर फिरला. 'आम्ही सारे खालेद सईद' असं फेसबुकवर पान निघालं आणि २५ जानेवारी २०११ ला, म्हणजे तिथल्या पोलीस दिनालाच, निदर्शनांची हाक दिली गेली. लोक आले. मग सरकार घाबरलं.

२७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर जवळजवळ सगळ्या देशाचं नेट बंद झालं. केबल कापायची गरजच नव्हती. 'आमच्याकडे यायचा रस्ता हा' असं राउटर्स जगाला सतत सांगत असतात. कंपन्यांनी ते सांगणं थांबवलं. सुमारे ३५०० रस्ते गायब! सकाळी मोबाईलही बंद.

सरकारचं गणित सोपं होतं : सर्किट तोडा, करंट थांबेल. पण त्याच शुक्रवारी गर्दी प्रचंड वाढली. नेट हे काही एकच कारण नव्हतं. पण घरात बसून बातमी कळायची सोय गेली, मग बघायला बाहेर पडणं आलंच. नमाज संपल्यावर लोक थेट रस्त्यावर उतरले. रात्री पोलीस गायब झाले, तर शेजाऱ्यांनीच गल्लोगल्ली पहारे बसवले. २ फेब्रुवारीला नेट परत आलं आणि ११ तारखेला जवळपास ३० वर्षं सत्तेवर असलेले मुबारक गेले.

म्हणजे नेटवर्क दोन असतात. ओळखीपाळखीचं सैल नेटवर्क बातमी लांब पोचवतं. लाठीसमोर उभं राहायला मात्र घट्ट मैत्री लागते. १९६४ साली अमेरिकेत काळ्या लोकांच्या मतदार नोंदणीसाठी मिसिसिपीला जायला अनेक विद्यार्थ्यांनी नावं दिली. डग मॅकअॅडम या समाजशास्त्रज्ञाने त्यांचे अर्ज तपासले. ज्यांचे जवळचे मित्र जाणार होते, ते जाण्याची शक्यता जास्त होती. मतं तर सगळ्यांची सारखीच होती!

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे सरकारही शिकलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये इजिप्तमध्ये निदर्शनांवर कडक कायदा आला आणि 'एप्रिल ६' चळवळीचे अहमद माहेर यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. या वेळी तारांना हात लावला नाही, माणसं उचलली. मित्रच आत गेले, तर बाहेर उभं कोणासोबत राहायचं?

आमचं नेट पहाटे आलं आणि पुन्हा सगळी दारं बंद झाली. पण शेजारच्या रूममधल्या मुलीचं नाव आता मला माहीत आहे. एवढं तरी झालं!